बोळातली खुर्ची

लेक घरी राहायला येणार की नाही, हे शेवटी मागच्या खोलीतल्या एका इवल्याशा दिव्यावर येऊन ठेपलं होतं.

घर लांबट होतं. आधी बाहेरची खोली, मग स्वयंपाकघर, मग अरुंद बोळ आणि बोळाच्या टोकाला लेकीची खोली. भिंती हातभर जाड. इंटरनेट स्वयंपाकघरापर्यंत रडतखडत यायचं आणि पुढे जायचं नाव घ्यायचं नाही. लेक दूरच्या शहरात भाड्याच्या खोलीत एकटी राहून, उभ्याउभ्या काहीबाही खाऊन काडीसारखी झाली होती. तिच्या साहेबांनी घरून काम करायला होकार दिला, पण मीटिंगमध्ये नेट तुटता कामा नये, या अटीवर. तुटायला लागलं की बॅग भरून परत.

"तू ये गं. नेटचं मी बघते," आईनं फोनवर सांगून टाकलं.

"तुला त्यातलं काय येतं?" तिच्या अहोंनी पेपरमागून विचारलं.

"लग्न झालं तेव्हा स्वयंपाक तरी कुठे येत होता? खाल्लातच ना?"

"म्हणूनच विचारतोय."

आईनं मनावर घेतलं. दुपारी भांडी आवरली की ती मोबाइलवर व्हिडिओ बघायची. एक महागडा राऊटर घेण्यापेक्षा स्वस्तातले तीन छोटे घ्यायचे आणि त्यांचं आपसात जाळं विणायचं, हे तिला फार पटलं. पहिल्यानं दुसऱ्याला हाक द्यायची, दुसऱ्यानं तिसऱ्याला. घराघरांत बायका निरोप पोचवतात तसंच की! नाव मात्र ऐटीत, मेश.

तीन पांढरे डबे आले. पहिला बाहेरच्या खोलीत बसला. दुसरा स्वयंपाकघराच्या दाराशी, बुटक्या स्टुलावर. तिसरा लेकीच्या टेबलावर, बोळाकडे तोंड करून. दिवा निळा म्हणजे उत्तम, पिवळा म्हणजे ठीक, लाल म्हणजे संपलं.

तिसऱ्याचा दिवा लाल.

तिनं डबे बंद करून पुन्हा लावले, दिशा बदलल्या, पुसूनही पाहिले. लाल तो लालच. शेवटी खालच्या मजल्यावरचा वायरमन आला. त्यानं स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून बोळात नजर टाकली आणि हसायलाच लागला. बोळाच्या मधोमध, झरोक्याच्या खाली, वेताच्या खुर्चीत अहो बसले होते.

"काकू, या भिंतींतून काही जात नाही. वाट ती एकच, बोळातून. आणि वाटेत काका. माणूस म्हणजे पाण्याची पिशवी. सिग्नल अडतो पाण्याला."

"पिशवी कसली, टाकी म्हणा," आई म्हणाली. "अहो, जरा सरका."

अहोंनी कुरकुरत खुर्ची वीतभर भिंतीकडे ओढली. दिवा पिवळा झाला, मग निळा.

"ती खुर्चीच हलवा ना तिथून," वायरमन म्हणाला.

"का म्हणून?" अहो उसळले. "निवृत्तीनंतर एवढी एक जागा मिळवलीये मी. उजेड आहे, वारा आहे. सरकतो म्हटलं ना!"

आणि तसंच सुरू झालं. बसल्याबसल्या अहो पुन्हा मध्ये यायचे, दिवा लाल व्हायचा, आई कामातूनच ओरडायची, "अहो, जरा सरका!" खुर्ची करकरायची, दिवा निळा. बोळातून कोणीही गेलं तरी दिवा लवायचा; ती स्वतः कपड्यांची बादली घेऊन गेली तरी. तिला त्याची गंमतच वाटायची. एवढ्या वर्षांत नवरा कधी मध्ये येतो आणि कधी नाही, हे सांगणारा दिवा पहिल्यांदाच घरात आला होता.

एके दुपारी तिनं लेकीला व्हिडिओ कॉल लावला. फोन मागच्या खोलीत टेबलावर उभा करून, "चालू ठेव हं, बघू तुटतं का," म्हणत ती स्वयंपाकघरात गेली. लेक तिकडून काहीतरी सांगत होती. मध्येच आवाज फाटला. आईनं कणीक मळता मळता खुर्चीकडे न बघता नुसत्या दिव्याकडे मान वळवली. दिवा लाल.

"अहो, जरा सरका!"

खुर्ची करकरली. दिवा निळा झाला. "आता येतोय आवाज!" लेक म्हणाली.

तेवढ्यात बाहेरच्या दाराचं कुलूप उघडलं आणि अहो आत आले. केस कापून आलेले, मानेवर पावडर.

"कोणाशी बोलतेयस?" त्यांनी विचारलं.

आईचे हात कणकेतच राहिले. खुर्ची रिकामी होती. भिंतीकडे वीतभर सरकलेली.

ती घाबरणाऱ्यातली नव्हती. लाकूड करकरतं, वेत आकसतो, स्वस्तातल्या डब्यांना लहरी असतात. तिनं खुर्ची पुन्हा मधोमध ठेवली आणि वाट पाहिली. काही झालं नाही. अहो बँकेत गेले तेव्हा मात्र दिवा लाल झाला. फिरायला गेले तेव्हाही. ते बाहेर पडले आणि दार लागलं की थोड्या वेळानं दिवा लाल. ती आवाज चढवून पाहायची, हळू बोलून पाहायची. "सरका," म्हटलं की वीतभर खुर्ची सरकायची. जास्त नाही, कमी नाही.

तिनं अहोंना सांगितलं. ते पोट हलवत हसले.

"बरंय की. नोकरीत असताना सुट्टी घेतली तर बदली माणूस मिळत नव्हता. आता मिळाला."

"थट्टा नको."

"अगं, ऐकतो ना तुझं? मग माझ्यापेक्षा बराच म्हणायचा."

तीही हसली. आणि खरं सांगायचं तर तिला त्याची सवयच झाली. अहो बाहेर असले तरी घर ओकंबोकं वाटेना. ऐकणारं कोणी असलं की माणूस भाजी निवडतानाही चार शब्द बोलतो.

लेक आली. पहिल्याच आठवड्यात तिच्या गालांवर रंग चढला. सकाळी ती खोलीचं दार अर्धं लोटून कामाला बसायची आणि तिचं इंग्रजी बोलणं बोळभर घुमायचं. नेट एकदाही तुटलं नाही. अहो आपले खुर्चीत, पेपर उघडून. आईला कोण अभिमान! वायरमन जिन्यात भेटला तेव्हा तिनं त्याला दोन गोष्टी शिकवल्याही.

एका दुपारी लेक मीटिंग संपवून धावत आली आणि आईच्या गळ्यात पडली.

"साहेब म्हणाले, एवढं चांगलं चाललंय तर वर्षभर राहा घरूनच!"

आईनं डोळे पदराला पुसले आणि मटारचं ताट पुढ्यात ओढलं. "अहो, या इकडे, शेंगा सोला. मुलगी राहतेय आपली!"

अहो उठून आले, तिच्या शेजारी बसले, सोलू लागले. सोलायचे कमी, खायचे जास्त. लेक परत कामाला गेली. घर कसं भरल्यासारखं वाटत होतं.

"बाबा!" लेकीची हाक आली. "तुटतंय माझं. सरका ना जरा!"

आईनं मान वळवली. दिवा लाल होता.

अहोंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. त्याआधीच बोळात खुर्ची करकरली.

दिवा निळा.

"थँक्यू, बाबा!"

अहोंच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्यांचा चेहरा कधी नव्हे तो गंभीर झाला.

"मी इथेच आहे ना गं?" त्यांनी हळूच विचारलं.

"हे काय विचारणं? इथेच आहात. अर्धे मटार संपवलेत माझे."

ते कसनुसं हसले. उठले. बोळात गेले, खुर्ची ओढून पुन्हा मधोमध घेतली आणि नेहमीसारखं सगळं वजन टाकून बसले.

आई दिव्याकडे बघत होती. निळा.

त्यांच्या पोटामागे, पाठीमागे, बोळाच्या टोकाला दिवा निळा होता. लवलासुद्धा नाही.

तिला आठवलं. लेक आल्यापासून तिनं त्यांना एकदाही "सरका" म्हटलं नव्हतं. ते रोज मधोमध बसत होते, तरी गरजच पडली नव्हती.

ती उठली. त्यांच्या खुर्चीपुढे जाऊन उभी राहिली.

दिवा लाल झाला.

"आई, तू तरी मध्ये येऊ नकोस ना!" आतून लेक ओरडली.

ती बाजूला झाली. दिवा निळा झाला.

अहोंनी पेपर खाली करून तिच्याकडे पाहिलं. तोच चष्मा, तेच डोळे.

"काय गं? सरकू का?"

आतून लेकीच्या हसण्याचा आवाज आला, स्वच्छ, कुठेही न तुटता.

"नको," आई म्हणाली. "बसा तसेच."