डावा बूट

ओलं सिमेंट.

सतरंजीवर उलटा पडलेला चहाचा कप.

पायात सुई, आणि मी खिडकीबाहेर बघतोय.

"तुझी आई जेवायला लागली हो," शेजारच्या काकू सांगताहेत.

हे खरं घडलेलं आहे. अजून संपलेलं नाही, म्हणून क्रमाने सांगायला जमेलच असं नाही.

बंदराच्या गेटाजवळ आमचं स्मारक आहे. बुडालेल्या खलाशांचं, धक्क्यावर जीव गेलेल्या कामगारांचं. सगळ्या घरांनी वर्गणी काढून बांधलं. आत प्रार्थनेची खोली, बाहेर चौथरा. ज्याचं प्रेत मिळालं नाही, त्याचा एक बूट चौथऱ्यात ठेवायचा असं ठरलं. पुरायला काहीतरी हवं ना.

माझा दादा धक्क्यावरून पाण्यात पडला. मिळाला नाही. मीही तिथेच कामाला आहे.

चौथरा सिमेंटने भरला त्या संध्याकाळी मी कामाचे बूट शोधत होतो. एकच सापडला.

"आई, माझा डावा बूट?"

"तो थोरल्याचा होता. दिला मी."

"त्याचे त्याच्या पायात होते, आई."

तिने तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, "नंबर एकच ना तुमचा."

सकाळी डावा पाय गार पडला होता... त्यावर चहाचा कप उलटला, तरी चटका बसला नाही.

डॉक्टरांनी सुई टोचली. रक्त आलं. मला काही कळलं नाही.

स्मारकाचं काम बघणाऱ्या मुकादमाला म्हटलं, चौथरा फोडून माझा बूट काढू द्या.

"एका बुटासाठी? नवा घे की, चिकट कुठला." मग माझ्या तोंडाकडे बघून तो हळू बोलला, "सगळ्यांची माणसं आहेत रे त्यात. फोडायचं तर घरोघरी जाऊन विचार."

मी गेलो नाही. कुठल्या तोंडाने जाणार?

मग पावलाचा आवाज गेला.

आमचा जिना लोखंडी आहे. नवे बूट घालून चढायचो. उजवा वाजायचा. डावा...

नाही.

एका गुरुवारी घरात आलो. आई पाठमोरी होती.

"आलो गं."

तिने ऐकलं नाही.

तेवढ्यात खाली जिन्यावर... खट्.

मग काहीच नाही.

पुन्हा... खट्.

एकाच पायाचा आवाज. मधे बरोबर माझं उजवं पाऊल बसेल एवढी जागा.

दारापाशी येऊन थांबला.

आई वळली. माझ्या खांद्यावरून दाराकडे बघत म्हणाली, "थोरल्या, हात धू. वाढतेच आहे."

दारात कोणी नव्हतं.

दादा गेल्यापासून तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता. आता पोटभर जेवते. म्हणून मी मध्ये बोलत नाही.

ती रोज दोन ताटं वाढते, तिचं आणि दादाचं. मी भिंतीपाशी उभा राहतो. बधिरपणा पाण्यासारखा चढतोय, गुडघ्याच्या वर आलाय. दुखत नाही.

दादाला पोहता येत होतं. मला येत नाही.