पाणपोईला कुलूप

"कुलूप लावू नका, दादाजी! आधी माझं ऐका तरी!"

हर्षिता इतक्या जोरात ओरडली, की बसस्टँडच्या सावलीत बसलेल्या दोन शेळ्या दचकून उठल्या. दादाजींनी मात्र वळूनही पाहिलं नाही. त्यांनी पाणपोईचं लाकडी दार लोटलं, कडी घातली आणि कुलूप अडकवलं.

हातखेड्याची ही पाणपोई दादाजींच्या वडिलांनी सुरू केली होती. सावद्याहून येणारी बस इथे थांबायची आणि माणसं उतरल्या उतरल्या आधी पाणी प्यायची. वाळूत रोवलेले मोठाले रांजण, त्यात वाळ्याच्या जुड्या आणि दुहेरी फडक्यातून गाळलेलं थंडगार पाणी! दादाजी, म्हणजे हर्षिताचे आजोबा आणि गावातले किराणा दुकानदार इंदरचंदशेठ, दुकान उघडायला एक वेळ उशीर करतील, पण पाणी गाळल्याशिवाय रांजणात पडू देणार नाहीत.

आणि त्याच पाण्याने काल माणसं आजारी पडली! कुणाला उलट्या, कुणाला चक्कर. हर्षिताचा धाकटा भाऊ संयम तर रात्रभर पोट धरून कण्हत होता.

"रांजण घासत नसतीन, दुसरं काय!" केळीचे बागायतदार गिरधरनाना जमलेल्या सगळ्यांसमोर म्हणाले. "पाणी माह्या विहिरीचं हाये. ते खराब असूच शकत नही!"

"मी रांजण घासत नाही?" दादाजी गर्रकन वळले. "नाना, तुम्ही मला हे म्हणता?"

सरपंच प्रमिलाअक्कांनी दोघांना थांबवलं. "भांडू नका. कारण सापडेपर्यंत पाणपोई बंद."

"मग कायमचीच बंद," दादाजी म्हणाले. "अखजीला गावाच्या लेकी माहेरी येतील आणि माझ्या दारातून तहानलेल्या जातील. असली पाणपोई ठेवून काय करू? अखजीपर्यंत डाग गेला नाही, तर रांजण उपटून टाकतो." आणि ते खाली मान घालून दुकानाकडे निघून गेले.

अखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, चार दिवसांवर आली होती!

हर्षिताला धुळ्याच्या घरीसुद्धा एका जागी बसवत नसे. आता तर तिच्या पायांत भिंगरीच बसली. ती पाणपोईच्या मागे गेली, पुढे आली, परत मागे गेली.

"अगं, थांब जरा! मलाच गरगरायला लागलं," नूतन म्हणाली. नूतन म्हणजे गिरधरनानांची नात आणि हर्षिताची सुट्टीतली जिवाभावाची मैत्रीण.

"कशी थांबू? दादाजी रांजण घासत नाहीत म्हणे! बठ्ठं खोटं शे!"

"आली धुळ्याची!" नूतनला एवढ्यातही हसू आलं. "आमच्याकडे 'हाये' म्हणतात."

"शे म्हण नाही तर हाये म्हण, खोटं ते खोटंच!" हर्षिताने रागाने दोरीवर वाळत घातलेलं फडकं ओढलं आणि ते चाचपून पाहिलं. पाणी गाळायचं ते फडकं पापडासारखं कडक झालं होतं. चुरगाळलं तर त्यातून पांढरी भुकटी झडली.

"हे कालचं फडकं. आणि हे परवाचं." तिने दुसरं हातात घेतलं. ते मऊसूत होतं. "रोज मीच पिळून वाळत घालते. असं कधीच झालं नाही!"

तेवढ्यात संयमने कडक फडक्याला जीभ लावलीसुद्धा! "शी! खारट! कडू!"

"संयम! थुंक आधी! कालचं कमी झालं का?" हर्षिताने त्याला धरून चुळा भरायला लावल्या. पण तिचे डोळे चमकले होते. "म्हणजे रांजण घाण नव्हता. पाण्यातच काहीतरी विरघळलेलं होतं. फडक्याने कचरा अडतो, विरघळलेलं कसं अडेल?"

"आणि वाळ्याच्या वासात चव कुणाला कळली नाही," हितेंद्र म्हणाला. तो गावच्या आशा सेविका कुंदाबाईंचा मुलगा. बोलायचा कमी, पण डोळे चौफेर. "काल आणखी एक गोष्ट झाली. रांजण भरता भरता लाईट गेली होती. नळाची धार बारीक झाली, तरी दादाजींनी नळीत उरलेल्या पाण्याने रांजण भरून घेतला. मी तिथेच होतो."

"लाईटचा आणि कडू पाण्याचा काय संबंध?"

"ते नळीलाच विचारू या!" हर्षिता म्हणाली आणि पळतच सुटली.

पाणपोईच्या नळाची काळी नळी रस्त्याच्या कडेने चढत थेट गिरधरनानांच्या केळीच्या बागेत जात होती. उन्हाने माती पोळत होती. आत मात्र केळीच्या पानांखाली गारवा होता. विहिरीपाशी मोटार, तिथून निघालेला जाड पाइप, त्यालाच फुटलेली पाणपोईची नळी आणि थोडं पुढे एक निळा ड्रम.

"यात काय आहे?" संयमने विचारलं.

"खत. पाण्यात कालवलेलं," नूतनने सांगितलं. "मोटार चालू असली, की ही बारकी नळी ड्रममधलं खत ओढते आणि ठिबकमधून झाडांना देते. पण ते पुढेच जातं, मागे येत नाही. कारण इथे एक..."

ती बोलता बोलता अडखळली. जाड पाइपवर जिथे ती बोट दाखवत होती, तिथे नव्या पाइपचा सरळ तुकडा बसवलेला होता.

"इथे काय, नूतन?"

"उलटं पाणी अडवणारी झडप होती," ती हळूच म्हणाली.

झडप सापडायला वेळ लागला नाही. झोपडीत जुन्या नळ्यांच्या ढिगावर ती पडली होती. नूतन खालीच बसली. "आबा परवाच म्हणत होते, झडपेमुळे पाणी हळू येतं, केळी सुकते. त्यांनीच काढली असेल."

आता सगळं स्पष्ट होतं. लाईट गेली, मोटार बंद पडली, की पाइपातलं पाणी उलटं फिरायचं. येताना ड्रममधलं खत ओढून आणायचं आणि उताराने पाणपोईच्या नळात उतरायचं!

हर्षिताला नूतनकडे पाहवेना. दादाजींवरचा डाग पुसायचा, तर तो नूतनच्या आबांवर पडणार होता.

शेवटी नूतनच उठली. "मी आधी आबांना सांगते. ते ऐकतील."

पण नाना कसले ऐकतात! "तू मले शिकवती? पाणी उलटं चालतं? जाय, झोके खेळ!" त्यांनी तिला वाटेला लावलं. नूतन डोळे पुसत परत आली.

मग चौघं गेली कुंदाबाईंकडे. सगळं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "तरीच! आजारी पडलेल्यांना आज लगेच तपासून आणते. पण मी एकटी बोलले, तर नाना म्हणतील, बाई, तू गोळ्या वाट. अक्का म्हणतील, नळी खाजगी आहे. दुकानदार म्हणतील, पाणी हे पंचायतीचं काम. अरे, याच्यासाठी तर गावाचं आरोग्य मंडळ केलं होतं! बचत गट, केळीवाले, दुकानदार, पंचायत, सगळे त्यात. फळ्यावर नावं रंगवली आहेत. बैठकीला मात्र येते कोण? मी आणि माझी पिशवी!"

"आम्ही आणतो सगळ्यांना!" हर्षिता म्हणाली.

"आणि आणून काय दाखवाल?"

हर्षिता दोन पावलं इकडे, दोन पावलं तिकडे फिरली. मग थबकली. "दुकानात जिलबीचा नारंगी रंग आहे!"

कुंदाबाईंना समजायला क्षणभर लागला. मग त्या हसल्या. "खायचाच रंग ना? आणि नळाचा थेंबही कुणी प्यायचा नाही. मी स्वतः उभी राहीन."

बैठकीचं आमंत्रण हितेंद्रने दिलं. तो प्रत्येकाकडे गेला आणि साळसूद चेहऱ्याने म्हणाला, "उद्या पाणपोईपाशी बैठक आहे. तुम्ही नाही आलात तरी चालेल. पण तुमच्या मागे सगळे तुम्हालाच दोष देतील असं वाटतं."

झालं! दुसऱ्या दिवशी सकाळी बैठकीला बसायला जागा पुरेना. बचत गटाच्या बाया आल्या, केळीवाले आले, दुकानदार आले, अक्का आल्या. दादाजी एका टोकाला बसले, नाना दुसऱ्या टोकाला. दोघांनीही एकमेकांकडे पाठ केली होती.

कुंदाबाईंनी नळ सोडला. खाली ठेवलेल्या पांढऱ्या बादलीत स्वच्छ पाणी पडू लागलं.

"पाहा! काच हाये काच!" नाना म्हणाले.

"थोडं थांबा, नाना," कुंदाबाई म्हणाल्या.

वर बागेच्या बांधावर नूतन उभी होती. ड्रममध्ये रंग तिने स्वतःच्या हाताने कालवला होता. आता शेतीची लाईट जायची वेळ झाली होती. पण नेमकी आजच लाईट जाईना! धार धो धो चालूच. हर्षिता बोटं मोडत होती. संयमने तिला दोनदा विचारलं, "गेली का? गेली का?" आणि दोनदा चिमटा खाल्ला.

"कामं सोडून पाणी पाहत बसायचं काय?" नाना धोतर झटकत उठले. त्यांच्यामागे आणखी दोघं उठले. दादाजीही काठी टेकत उभे राहिले. हर्षिताचा जीव टांगणीला लागला. सगळे गेले, तर पुन्हा कधीच एकत्र येणार नाहीत!

"नाना, थांबा ना!" ती त्यांच्या वाटेत आडवी उभी राहिली. "फक्त बस येईपर्यंत!"

"सरक, पोरी!"

तेवढ्यात बांधावरून नूतनची ओढणी जोरजोरात हलली. लाईट गेली!

धार बारीक झाली. आणखी बारीक झाली. मग पांढऱ्या बादलीत एक नारंगी रेघ उतरली आणि बघता बघता सगळी बादली जिलबीच्या पाकासारखी नारंगी झाली!

"अगं बाई!" अक्का उठूनच उभ्या राहिल्या. "हे कुठून आलं?"

"तुमच्या खताच्या ड्रममधून, नाना," हर्षिता म्हणाली. आता तिचा आवाज चढला नाही. "झडप काढली ना, म्हणून."

नूतन धापा टाकत पोचली होती. तिच्या हातात ती झडप होती. "आबा, मी सांगत होते तुम्हाला..." आणि तिला रडूच फुटलं.

नानांनी वाकून बादलीत पाहिलं. मग त्यांनी नातीला जवळ घेतलं. "रडू नको, माय. चुकलं तं माह्यं चुकलं. केयीचा विचार केला, माणसाचा नही केला." ते दादाजींकडे वळले. "शेठ, मी तुमाले भलतंच बोललो. तेही सगळ्याइच्या समोर. मले माफ करा."

"तुम्ही इतकी वर्षं पाणी फुकट दिलंत, नाना," दादाजी म्हणाले. "आणि मीही फडक्यावरच विसंबून राहिलो."

मग हातखेड्याच्या आरोग्य मंडळाची पहिली खरीखुरी बैठक झाली, आणि ती चांगलीच गाजली! अक्कांनी पाणपोईची नळी शेतावरून काढून गावाच्या टाकीला जोडायचं कबूल केलं. केळीवाल्यांनी आपापल्या मोटारीवरची झडप तपासायचं ठरवलं. दोघांनी तर तिथेच मान खाजवली, त्यांच्याही झडपा काढलेल्या होत्या! रांजण पाळीपाळीने घासायला बचत गट पुढे आला. नव्या नळीचा चर खणायला नानांनी सर्वांत आधी कुदळ घेतली.

नवी नळी जोडून झाल्यावर पाण्याचा नमुना कुंदाबाईंनी तपासायला पाठवला. अखजीच्या आदल्या संध्याकाळी त्या पळतच आल्या. "पाणी शुद्ध आहे!"

अखजीच्या सकाळी रांजण काठोकाठ भरले. सावद्याची बस आली, पोरीबाळी, पिशव्या, टरबुजं सगळं एकदम उतरलं आणि पाणपोईसमोर येऊन थबकलं. गोष्ट आजूबाजूच्या गावांत पोचली होती. पाणी सुंदर दिसत होतं, पण पेल्याला हात लावायला कुणी धजेना.

दादाजींचा पेला धरलेला हात तसाच हवेत राहिला. हर्षिताला तिथून पळून जावंसं वाटलं.

तेव्हा गर्दी बाजूला सारत गिरधरनाना पुढे आले. त्यांनी दादाजींच्या हातातला पेला घेतला आणि सगळ्यांच्या देखत घटाघटा रिकामा केला. मिशा पुसल्या. पेला परत पुढे केला.

"आणखी एक द्या, शेठ. अन् या चार पोरांले पह्यले द्या. गावाले शहाणं त्याइनंच केलं!"

दादाजींनी हर्षिताच्या डोक्यावर हात ठेवला. मग मागून एका माहेरवाशिणीने आपल्या लहान्या लेकराला पुढे केलं आणि म्हणाली, "याला आधी द्या हो, केव्हाचा तहानला आहे."

त्यानंतर जी झुंबड उडाली, ती दुसरी बस आली तरी हटली नाही. आणि हर्षिताला त्या दिवशी एका जागी उभं राहून पाणी वाढताना जराही कंटाळा आला नाही.