टिकिया फुटू नये म्हणून

सारजाच्या पदरातून निम्मं डाळं दुकानाच्या ओट्यावर सांडलं, त्याला पौषातला वारा जबाबदार होता. निदान ती तरी तसंच म्हणाली.

"पदर नीट धरा की बाई."

"धरलाय. वाऱ्याला सांगा."

"वारा माझं ऐकत न्हाई."

"मग कोण ऐकतं तुमचं?"

तराजूमागचा पोरगा उठून बाहेर आला. त्याचे कान लाल झाले… आणि मग तो ओट्यावर उकिडवा बसून एकेक डाळं वेचायला लागला. सारजानं बघितलं, बोटं लांब, नखं स्वच्छ. कपाळावर भस्माच्या तीन रेघा, गळ्यात लिंग. झरीच्या पेठेतलं हे शिवरुद्र वाण्याचं दुकान तिला लहानपणापासून माहीत होतं, पण हा नवा होता. वालूरहून मामाच्या हाताखाली आलेला भाचा, सिद्धलिंग.

"एवढं डाळं कशाला लागतं?" त्यानं विचारलं.

"वळायला."

"लाडू?"

ती नुसती हसली. हसू म्हणजे हो, असं त्यानं धरलं. वालूरच्या वाण्याला डाळ्याच्या पिठाचं दुसरं काय होतं ते कुठून ठाऊक असणार?

ठाऊक असतं तर त्याच घडीला त्यानं तराजू उलटा केला असता. कारण हे डाळं जायचं हरणाच्या मांसात. सारजाचा बाप लिंबाजी गावचा शिकारी. रझाकारांच्या साली जमा झालेली त्याची ठासणीची बंदूक सरकारनं पिकाच्या राखणीसाठी परत दिली होती, आणि जोंधळ्यात कळप शिरला की गावाला लिंबाजीच आठवायचा. निजामाच्या काळात तो एका तालुकदाराच्या शिकारीत हाकारा घालायचा. तिथल्या बावर्चीकडून तो टिकिया शिकला होता. मांस दगडावर ठेचून बारीक करायचं, त्यात लसूण, मिरची, डाळ्याचं पीठ मळायचं, तळहाताएवढ्या चपट्या टिकिया थापायच्या आणि जाळीवर भाजायच्या. साहेब लोक त्या पावाच्या दोन फाकांत घालून खायचे. झरीत पाव कुठला? लिंबाजीच्या घरी गरम भाकरी दुमडून तिच्यात टिकिया घालायचे, वर कांदा, की झालं.

पण हे सगळं अंगणात. सारजाची आई पारूबाई हिच्या गळ्यात माळ. मांस उंबऱ्याच्या आत न्यायचं नाही, हा तिचा कायदा. म्हणून रॉकेलच्या डब्याला भोकं पाडून केलेली शेगडी अंगणात, जाळी बोरीला टांगलेली, आणि बाप-लेकीनं आंघोळ केल्याशिवाय घरात यायचं नाही. बावीस वर्षं आईची चूल आत आणि बापाची शेगडी बाहेर, तरी त्या नवरा-बायकोचं भांडण कधी कुणी ऐकलं नव्हतं.

गावाची गोष्ट वेगळी. झरीतले निम्मे सोवळेवाले दिवेलागणीला कुडावरून हात घालून "लिंबाजी, एक टिकिया दे रे" म्हणायचे आणि सकाळी त्याच कुडाजवळून नाक दाबून जायचे. असली नाकं देवानं द्यायलाच नको होती.

त्या आठवड्यात सारजा तीनदा दुकानात गेली. डाळं एकदाच लागत होतं.

"पुन्हा सांडलं का?" सिद्धलिंगनं विचारलं. आता तो तिला तू म्हणायला लागला होता.

"फुटायलेत," ती म्हणाली. खरंच फुटत होत्या. हरणाच्या मांसाला चरबी नसते. टिकिया जाळीवर टाकली की चिरायची आणि निम्मी निखाऱ्यात पडायची. बापाची चिडचिड व्हायची. ती पुढं म्हणाली, "कितीबी पीठ घाला, वळलेलं राहतच न्हाई."

"पीठ जास्त घालू नको. डाळं तव्यावर गरम कर, कुरकुरीत झालं की लगेच दळ. फडक्यातून गाळ, एकदा न्हाई, दोनदा. अन् मळलं की लगेच वळू नको. घटकाभर झाकून ठेव. पीठ ओल पिऊन घेतं."

"लय माहिती हाय तुमाला."

"आईचं बघून," तो म्हणाला, आणि तराजूच्या साखळ्या उगाच सरळ करायला लागला. "ती गेली त्याला सहा वर्सं झाली. तवापासून डाळ्याचा लाडू खाल्ला न्हाई मी. कुणी करतंच न्हाई घरी." मग वर न बघता… "तुझा एक आणशील?"

आत्ताच सांग, तिचं मन म्हणालं. पण त्याच्या डोळ्यांत आई होती. असल्या वेळी कोण हरणाचं नाव काढणार?

"बघू," ती म्हणाली.

घरी येऊन तिनं डाळं गरम केलं, दळलं, दोनदा वस्त्रगाळ केलं. मळलेलं मांस ताटाखाली झाकून बसून राहिली. त्या संध्याकाळी एकही टिकिया फुटली नाही. कडेनं तांबूस, मधे मऊ, उलटली तरी अखंड.

"आरं वा!" लिंबाजीनं भाकरी दुमडली, मोठा घास घेतला आणि डोळे मिटले. "बावर्चीच्या बापाला जमली नसती. कुणी शिकवलं गं?"

"वाण्याच्या भाच्यानं."

लिंबाजीचा घास तोंडातच राहिला. "त्या सिद्धलिंगनं? मांसाच्या टिकियाचं?"

"त्याला लाडू वाटायलेत, आबा."

लिंबाजी आधी खो खो हसला. मग लेकीचं तोंड दिसलं, आणि हसू विरलं. "सारजे," तो हळूच म्हणाला, "पोरगं चांगलं हाय?"

ती शेगडीला वारा घालत राहिली. निखाऱ्याचा उजेड गालावर नुसता नाचत होता.

दुसऱ्या दिवशी सारजानं मन मोकळं केलं तेव्हा शेजारच्या धुरपदाबाईनं सोपा रस्ता सांगितला. "आईच्या चुलीवर दोन खरे लाडू कर अन् दे नेऊन. त्याला कसं कळंल? कळलंच तर लग्नानंतर कळू दे. कोणता नवरा बायकोचं सगळं जाणतो?"

सारजानं लाडू केले. आईच्या चुलीवर, आईच्या भांड्यात, तूप-गूळ घालून. फडक्यात बांधून भर दुपारी दुकानात गेली. मामा शिवरुद्र आत पोत्यांवर पडला होता. सिद्धलिंगनं फडकं सोडलं आणि लाडू नाकाशी नेला. नुसता वास घेत राहिला… एवढा वेळ की सारजाला रडू यायला लागलं.

"थांबा," ती म्हणाली.

"का?"

"हे लाडू खरे हायत. चोख हायत. पण मी तुमच्याकडून नेत होते ते डाळं लाडवाला न्हाई नेत. आमच्या अंगणात हरणाच्या टिकिया भाजतो आमी. तुमी सांगितलं तसं पीठ गाळलं, ते मांसात घातलं. मी खाते. मला आवडतं. लाज न्हाई वाटत मला. पण तुमाला न सांगता खाऊ घातलं आसतं तर वाटली आसती."

आतून पोतं सरकल्याचा आवाज आला. मामा उठून बसला होता. सिद्धलिंगचा हात लाडवासकट तसाच थांबला. त्याचं तोंड पांढरं पडलं. ती चार श्वास वाट बघून वळली आणि चालायला लागली. मागं बघितलं नाही. बघितलं असतं तर पाय उचलले नसते.

दुसऱ्या दिवशी दुकानात मामा एकटाच. तिसऱ्या दिवशीही. "भाचा वालूरला गेला," पेठेत कुणीतरी म्हणालं, "बापाकडं. मामानं हाकलला म्हणे." सारजानं डाळं आणायला जाणं सोडलं. धुरपदाबाई म्हणाली, "बघ, माझं ऐकलं आसतंस तर!" खोटं बोलून मिळालेला नवरा रोज सकाळी उठून बघायचा कसा, हे धुरपदाबाईला विचारून उपयोग नव्हता.

आठ दिवस गेले. रविवारी लिंबाजी पुन्हा शिकार घेऊन आला. उन्हं कलली होती, शेगडी पेटली होती, सारजा जाळीवर टिकिया मांडत होती. तेवढ्यात कुडाबाहेर गलका झाला. पोरीबाळी, म्हातारे, दोन-तीन नाक दाबणारेही… सगळे कुणाच्या तरी मागं चालत येत होते.

पुढं सिद्धलिंग होता. खांद्यावर मातीची कोरी शेगडी, हातात वांग्यांची पिशवी. भर पेठेतून, मामाच्या दुकानावरून, तसाच चालत आला होता.

"शरणार्थ, लिंबाजीमामा. आत येऊ का?"

"राम राम," लिंबाजी गोंधळून म्हणाला. "ये की. पण… हितं मांस भाजायलंय, बाबा."

"वास येतोय. मी माझी शेगडी आणलीय."

त्यानं ती सारजाच्या शेगडीपासून दोन हात लांब ठेवली, फुंकर घालून कोळसे पेटवले आणि दोन वांगी निखाऱ्यावर ठेवली. सारजाचे हात मांसानं माखलेले. ती ते कुठं लपवावेत ते शोधत होती.

"कुठं होता आठ दिस?" तिनं विचारलं. आवाज रागाचा काढायचा होता, निघाला भलताच.

"वालूरला. बापाला सांगायला."

"काय?"

"की लाडू खाल्ला. तू गेलीस अन् मामाच्या समोर खाल्ला. गूळ जास्त झाला होता."

"न्हाई झाला!"

"झाला होता. अन् सांगितलं की लग्न करायचंय. बाप म्हणाला, मठातले स्वामी काय म्हणतील, पाहुणे काय म्हणतील. मी म्हणालो, स्वामींना माझ्या घरात राहायचं न्हाई. बाप बोलायचा बंद झाला. बोलंल कधीतरी… न्हाईतर न्हाई." त्यानं वांगं बोटानं चाचपलं, चटका बसला, बोट तोंडात घातलं. "मी मांस खाणार न्हाई, सारजा. कधीच. ते माझ्याच्यानं व्हायचं न्हाई. तू सोडावं आसंबी म्हणणार न्हाई."

उंबऱ्यात पारूबाई येऊन उभी राहिली होती. गळ्यातली माळ चाचपत ती बराच वेळ त्या दोन शेगड्यांकडं बघत होती.

"रोज जेवशील कुठं?" तिनं विचारलं.

"घरातल्या चुलीवर. तुमच्यासारखं, आत्या."

"अन् हिला खावंसं वाटलं की?"

"अंगणात. कोळसे मी पेटवून देईन."

पारूबाईनं नवऱ्याकडं बघितलं. "बावीस वर्सांत मी ह्या माणसाला एक कोळसा पेटवून दिला न्हाई," ती म्हणाली. "धूर आला की दार लावायचे." आणि ती अंगणात उतरली. मांस भाजत असताना, पहिल्यांदाच. पाट घेऊन सिद्धलिंगच्या शेगडीजवळ बसली आणि वांग्याचं देठ सरळ केलं.

लिंबाजी काहीतरी शोधल्यासारखं करत बोरीकडं तोंड फिरवून उभा राहिला.

"भटजी येणार न्हाई, स्वामी येणार न्हाई," पारूबाई म्हणाली.

"परभणीच्या कचेरीत होतं लग्न. तीस दिसांची नोटीस लागते," सिद्धलिंग म्हणाला.

"तीस दिस गाव तोंड वाजवंल," लिंबाजी म्हणाला.

"गावाला सांगा," सारजा कुडाकडं बघत मोठ्यानं म्हणाली, "तीस दिस टिकिया मागायला येऊ नका!"

कुडामागची दोन-तीन डोकी पटकन खाली गेली.

सिद्धलिंग हसला. मग हसू थांबलं. तो कोळशाकडं बघत हळूच म्हणाला, "सगळे बोलले. तू बोलली न्हाईस. तू काय म्हणतीस?"

सारजानं टिकिया उलटली. अखंड. मग त्याच्याकडं बघितलं. धुरानं त्याचे डोळे पाण्यानं भरले होते… की धुरानं नव्हे, तिला कळलं नाही.

"वांगं उलटा. करपायलंय."

"हे हो हाय का न्हाई?"

"हो हाय. आधी उलटा."