मागचं डावं दार

ही गोष्ट माझ्या मावसभावाच्या घरात घडली आहे. अजून घडतेच आहे असं म्हटलं तरी चालेल. ज्यांना खोटी वाटेल त्यांनी खुशाल खोटी म्हणावी, मी वाद घालणार नाही. ज्या गाडीपासून हे सुरू झालं ती बऱ्हाणपूरला, बुधवारा भागात उभी आहे. कुणीही जाऊन बघावी.

आणि हो, यात अमावास्येची रात्र वगैरे काही नाही.

भर दुपार होती. यंदाच्या आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची. वेळ अडीच ते चारच्या मधली. रस्ता तुकईथड ते बऱ्हाणपूर.

माझा मावसभाऊ नीलेश. बुधवाऱ्यात त्याचं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. माणूस चांगला, पण भयंकर संशयी. दहाची नोटसुद्धा उजेडात धरून बघणारा. घरात तो आणि त्याची आई, म्हणजे माझी धुरपदामावशी.

त्याची धाकटी बहीण हिमानी तुकईथडला दिलेली. दोन वर्षांपूर्वी तिला दिवस गेले होते. पाचव्या महिन्यात ती एकटीच बसने माहेरी आली. बसायला जागा मिळाली नाही. आठ दिवसांत सगळं संपलं.

डॉक्टर म्हणाले, बसचा काही संबंध नाही.

पण नीलेशच्या मनातून ते गेलं नाही. त्या दिवशी तो तिला आणायला जाणार होता. दुकान बंद ठेवायला नको म्हणून गेला नव्हता.

हिमानीला पुन्हा दिवस राहिले, तेव्हा त्याने ठरवून टाकलं. सातव्या महिन्यात, आखाजीला, तिला स्वतःच्या गाडीतून आणायची.

म्हणून त्याने जुनी गाडी घेतली. बारा वर्षांची, चंदेरी, डिकीवाली. महाराष्ट्र पासिंग. ललित नावाच्या दलालाने दाखवली.

"एका हाताची गाडी आहे भाऊ. घरगुती. आँख बंद करके घ्या."

नीलेशने डोळे चांगले उघडे ठेवून घेतली. कागद तपासले, इंजिन ऐकलं, गालिचा उचलून पत्रा बघितला. फक्त चार पावलं मागे जाऊन बघायचं तेवढं राहिलं.

ते त्याने घरी आणल्यावर बघितलं...

गाडी मागून डावीकडे बसलेली होती.

थोडीथोडकी नाही. उजव्या चाकावर वीतभर जागा होती आणि डाव्यावर चार बोटं.

लालबाग रोडवर कडू मिस्त्रीचं गॅरेज आहे. कडूने गाडीखाली तोंड घातलं आणि म्हणाला, "शॉकर गेला साहेब." अठ्ठावीसशे रुपये. नवा शॉकर बसला. गाडी बसलेलीच.

मग स्प्रिंग बदलली. गाडी बसलेलीच.

मग एसी गेला. कॉम्प्रेसरचे चौदा हजार. मग क्लच प्लेट. मग रेडिएटर गळायला लागला. जुन्या गाडीत हे व्हायचंच, पण नीलेशच्या मनात पाल चुकचुकली. कडू एक काम करतो आणि दुसरं बिघडवून पाठवतो, असा त्याने निष्कर्ष काढला.

पुढच्या वेळी गाडी देताना त्याने आत असलेल्या स्प्रिंगवर मार्करने बारीक खूण केली, कडू खरंच बदलतो का ते बघायला.

संध्याकाळी कडूने तीच खूण केलेली स्प्रिंग गोणपाटात गुंडाळून त्याच्या हातात दिली.

"घ्या. पहलेसे मालूम होतं मले तुम्ही निशाण लावलं म्हणून. साहेब, मी चोरी करून राहिलो का? दोन दोन नव्या स्प्रिंगा टाकल्या. रिकामी गाडी अशी बसत नाही. हिच्यावर लोड आहे."

"कसला लोड? मोकळी गाडी आहे."

कडूने मागच्या काचेतून आत बघितलं आणि हात पुसत निघून गेला.

नीलेशला वाटलं, नवं नाटक.

दुसरी भानगड बॅटरीची. रोज सकाळी बॅटरी उतरलेली. सेल्फ मारला की नुसता टक... टक...

कारण रोज एकच. मागचं डावं दार नीट लागलेलं नसायचं आणि आतला दिवा सगळी रात्र जळायचा. कडूने कुलूप बदललं. बाराशे.

पण नीलेशच्या गल्लीत जागा कमी. गाडी भिंतीला घासून लावावी लागते. डाव्या बाजूला भिंत आणि गाडी यांच्यात हात जेमतेम जातो. ते दार बाहेरून कुणी उघडूच शकत नाही...

आतूनच उघडलं तर गोष्ट वेगळी.

आणि त्याच सीटचा बेल्ट. नीलेशने तो तीनदा काढला. तिन्ही वेळा दुसऱ्या दिवशी लावलेला. मागे बसून बेल्ट लावणारा माणूस आख्ख्या बऱ्हाणपुरात शोधून सापडायचा नाही. नीलेशने ठरवलं, कडू रात्री दुसऱ्या किल्लीने आपली गाडी नेतो आणि भाड्याने माणसं फिरवतो. त्याने किलोमीटरचा आकडा लिहून ठेवायला सुरुवात केली. आकडा एकानेही वाढला नाही.

तीन महिन्यांत एकेचाळीस हजार गेले. कडू म्हणाला, आता मागच्या चाकांचे रबरी बुश तेवढे राहिलेत, मागवतो. नीलेशने चिडून दोन हजार ॲडव्हान्स दिले आणि आखाजीच्या आदल्या संध्याकाळी, बुश बसले असतील असं धरून, गाडी परत आणली. आता आखाजी नाही साधली तर हिमानीच्या सासरचे तिला धाडणार नव्हते. आठव्यात प्रवास नको, असं त्यांनी साफ सांगितलं होतं.

आखाजीची सकाळ.

आमच्याकडे आखाजीला घागर भरतात. उंबरठा धुऊन त्यावर कुंकवाचं एकेक बोट उमटवतात. एका बोटाला घरातल्या एका गेलेल्या माणसाचं नाव. त्या दिवशी पितर जेवायला येतात, त्यांना बोलवायचं असतं.

धुरपदामावशीने सासऱ्यांचं नाव घेतलं, सासूचं घेतलं, काकांचं, म्हणजे नीलेशच्या वडिलांचं घेतलं. मग तिचं लक्ष गाडीकडे गेलं. नीलेशने ती नुकतीच भिंतीपासून पुढे काढली होती. मावशी म्हणाली, गाडीबी आता घरचीच ना. तिने मागचं डावं दार उघडलं, खालच्या पट्टीवर कुंकवाचं बोट उमटवलं...

आणि अडली. नाव कुणाचं घेणार? गाडीचे आधीचे मालक कोण, ते तिला कुठे माहीत.

"हिचं जे कोणी गेलं असंन, त्यानंबी यावं बाप्पा," ती म्हणाली. "आज आखाजी आहे. जेवून जा."

नीलेश हसला. "आई, रस्त्यावरच्यालाही बोलाव."

त्या दिवशी गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली.

खकनार गेलं, तुकईथड आलं, वाटेत गाडीने कसलाही त्रास दिला नाही. एसी असा की मागून मानेवर गार वारा येत होता. पुढच्या जाळीतून मात्र गरमच येत होता. नीलेशने मनात कडूला आणखी एक शिवी घातली.

हिमानी दारात तयार होती. चेहरा भरलेला, पोट दिसायला लागलेलं. नीलेशला तिला बघून भरून आलं. तिने मोबाइल पुढे चार्जिंगला लावायला दिला आणि मागचं डावं दार उघडलं.

मग थांबली. हलकेच हसली. दार लावलं आणि वळसा घालून उजवीकडून आत बसली.

नीलेशला वाटलं, ऊन त्या बाजूला असेल.

रस्ता ओस पडला होता. चव्वेचाळीस अंशांच्या उन्हात कोण बाहेर पडतं? नीलेश तिला धक्का बसू नये म्हणून चाळीसच्या वर जातच नव्हता. प्रत्येक खड्डा बघून, वाचवून.

पाठीमागे हिमानी हळू आवाजात बोलत होती.

"सातवा... हो, पुढच्या महिन्यात आठवा लागेल."

मग गप्प. थोड्या वेळाने हसली.

"नाही हो. आई आहे ना घरी."

नवऱ्याशी बोलत असेल. नीलेशने लक्ष दिलं नाही. चांगली चार-पाच किलोमीटर गाडी गेली असेल...

आणि त्याची नजर पुढे चार्जिंगला लावलेल्या मोबाइलवर गेली.

हिमानीचा मोबाइल. स्क्रीन काळी.

त्याने आरशात बघितलं. हिमानी डावीकडे तोंड करून बसली होती. डावीकडची सीट रिकामी होती. ती मान हलवत होती, कुणी काही सांगत असावं आणि आपण ऐकावं तशी.

त्याने विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. पोटुशी बाई, तिला घाबरवायचं कशाला? पण खरं सांगायचं तर त्याला उत्तरच नको होतं.

वाटेत उसाच्या रसाची हातगाडी लागली. हिमानी म्हणाली, "दादा, माझ्याकडे दोन दे."

डोहाळे असतील. त्याने दोन ग्लास खिडकीतून आत दिले. दोन्ही रिकामे होऊन परत आले. त्याने ते उजेडात धरून बघितले. दोन्ही ग्लासांच्या काठावर ओठ लागल्याच्या खुणा होत्या. एकावरच्या हिमानीच्या नव्हत्या, कारण तिने ओठांना काहीच लावलं नव्हतं, आणि त्या खुणा पानाने रंगलेल्या ओठांच्या होत्या.

बऱ्हाणपूर येईपर्यंत त्याने आरशात बघितलं नाही.

गल्लीत गाडी थांबली. मावशी भाकरतुकडा घेऊन बाहेर आली, लेकीवरून ओवाळून टाकला, डोळ्यांना पदर लावला. हिमानी उतरली. पण दार धरून तशीच उभी राहिली... मोजून पाच-सहा सेकंद. मग दार लावून आईच्या मागे घरात गेली.

नीलेश डिकीतून पिशवी काढायला मागे आला होता. त्याच्या डोळ्यांसमोर...

गाडी उचलली गेली.

कर्रर्र करत डावी बाजू वर आली. उजव्या चाकावर वीतभर, डाव्यावरही वीतभर. तीन महिन्यांत पहिल्यांदा गाडी सरळ उभी होती.

त्याने तिथूनच कडूला फोन लावला. म्हणाला, "मिस्त्री, बुशने काम केलं बरं का. माफ कर, मी तुला काय काय बोललो."

"कोनते बुश?"

"काल बसवलेस ते."

"साहेब, ते तर अजून खंडव्याहून आलेच नाही. काल मी तुमच्या गाडीले हात बी नाही लावला. ॲडव्हान्स वापस घेऊन जा."

नीलेश पिशवी घेऊन घरात आला.

त्या दिवशी जेवायला उशीर झाला होता. मांडे, आमरस, कुरडया. हिमानीने आपल्या शेजारी एक पाट जास्त मांडला. मावशीने विचारलं, कुणासाठी?

"त्या काकूंसाठी. दादाने आणल्या ना, गाडीत होत्या त्या." हिमानी सहज म्हणाली. "बिचाऱ्या लेकीला बाळंतपणाला आणायला निघाल्या होत्या. लेक राहिली नाही म्हणे, आणि बाळही नाही. मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, आमच्याकडे चला, माझं होईपर्यंत राहा."

मावशीचा वाढता हात थांबला.

"मंग? काय म्हनल्या?"

"म्हणाल्या, तुझ्या आईनेही सकाळी बोलावलंय, येते. पण जाताना रिकाम्या हाताने जायची नाही."

आमच्याकडे पाहुण्या बाईला रिकाम्या हाताने पाठवत नाहीतच. हिमानीला त्यात वावगं काही वाटलं नाही. तिने आमरसाची वाटी पुढे ओढली.

हे झालं एप्रिलमध्ये. आता जून अर्धा सरला आहे. गाडीत एकही बिघाड नाही. बॅटरी उतरत नाही, बेल्ट आपोआप लागलेला नसतो. नीलेशने ललितला खोदून खोदून विचारलं, तर तो म्हणाला, गाडी एक म्हातारे गृहस्थ विकून गेले, घरात दुसरं कुणी नव्हतं. त्यांचा नंबर आता लागत नाही. मावशीने दोनदा ओटी भरून, नारळ देऊन, त्या बाईंना दाराबाहेर पोचवायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा हिमानी आतून म्हणाली, "आई, अगं त्या इथे बसल्यात, तू तिकडे कुणाशी बोलतेस?"

डॉक्टर म्हणतात, बाळ उत्तम आहे. तारीख नऊ दिवसांवर आली आहे.

मी गेल्या रविवारी जाऊन आलो. मावशीने जुन्या सुती लुगड्यांची बाळासाठी अकरा दुपटी शिवली होती. कपाट उघडलं तर दोनच राहिली होती. नीलेशने आधी मोलकरणीवर संशय घेतला, मग माझ्याकडेही बघितलं. शेवटी हिमानीला विचारलं.

ती नखं कापत होती. मान वर न करता म्हणाली, "काकूंनी बांधून ठेवलीत, दादा. त्यांची निघायची तयारी चाललीये."