दोन सूत कमी

आमची पहिली भेट वासावरून झाली. मी काचेच्या दुकानात शिरले, हातातली शिंपल्यांची चौकट टेबलावर ठेवली आणि हिच्यात आरसा बसवायचाय म्हणाले. काच कापणारा तरुण मान वर न करता म्हणाला, "आधी ती बाहेर ठेवा. काहीतरी मेलंय तिच्यात."

मेलेलं होतंच. तीन वर्षं दर रविवारी किनाऱ्यावर फिरताना मी शिंपले गोळा करायचे आणि डबा भरला की पलंगाखाली सरकवायचे. मग बढतीबरोबर बदलीचं पत्र आलं. महिनाभरात निघायचं होतं. आईने फर्मान काढलं, या शिंपल्यांचं काहीतरी कर, नाहीतर मी ते समुद्राला परत करते. म्हणून मी ते न धुताच लाकडी चौकटीवर चिकटवले होते.

त्याने पायरीवर बसून चौकट उलटी केली, मागून बोटांनी चाचपली. मीठ आहे, म्हणाला, आरशाचा पारा महिन्यात उडेल. सगळे शिंपले काढा, दिवसभर ब्लीचच्या पाण्यात ठेवा, जुन्या टूथब्रशने घासा, तीन दिवस ऊन दाखवा. कोपऱ्यांत मोठे, मध्ये बारके, शेवटी तेलाचा हात. सगळं डॉक्टर औषध सांगतात तसं. मला रागच आला. पण घरी पोचेपर्यंत मी त्याच्या डोळ्यांचा विचार करत होते, तेव्हा तो राग काही फार कामाचा नव्हता.

आठवड्याने मी धुतलेली चौकट घरी ठेवून नुसतं माप घेऊन गेले. त्याने आरसा कापला. घरी बसवायला गेले तर तो चौकटीतून सरळ पुढे निसटला. मी पुढची पोकळी मोजली होती, आरसा बसतो ती मागची खाच नाही. आई म्हणाली, "दिवसभर प्रयोगशाळेत पाण्याचे थेंब मोजतेस, आणि एक चौकट मोजता येईना?"

ती चूक खरी होती. दुसरी मी केली. खाच नीट मोजली आणि जाणूनबुजून दोन सूत जास्त सांगितलं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हेही त्यानेच शिकवलेलं.

आरसा अर्थातच बसला नाही, म्हणून मी परत गेले. त्या दिवशी खिडकीत टांगायच्या माळेसाठी शंखांना भोकंही पाडून हवी होती. शंख तडकू नये म्हणून त्यावर थेंब थेंब पाणी सोडत ड्रिल चालवावं लागतं. तो ड्रिल चालवत होता, मी शंख धरला होता.

"हलतंय," तो म्हणाला.

"शंख?"

"शंखाला कुठे हात असतो..."

मी शंख आणखी घट्ट धरला. पाणी माझ्या बाहीत चाललेलं.

त्या दिवशी खरं माप सांगितलं, तर आरसा त्याने दोन सूत कमी कापला. दुकान त्याच्या काकांचं. पाचव्यांदा मला पाहून काकांनी चष्मा कपाळावर चढवला. म्हणाले, "एकदा हिचं माप चुकतं, एकदा याचा हात चुकतो. तुमचं सूत जुळल्याशिवाय हा आरसा काही बसायचा नाही." त्याचे कान लाल झाले. माझेही झाले असणार, फक्त बघायला आरसा नव्हता.

पण तो बोलेना. मी निघायचा दिवस सोमवारवर आला, तरी तो काचेबद्दलच बोलत राहिला. शनिवारी काका जेवायला गेल्यावर मी दुकानात गेले. न बोलता गेले असते तर आयुष्यभर स्वतःवर चिडले असते.

"परवा जातेय मी. बढती तीन वर्षांनी मिळालीय, ती सोडणार नाही. आणि... तुम्ही मला आवडता. दुसरं माप मी मुद्दाम चुकवलं होतं."

त्याने हातातलं काम खाली ठेवलं. टेबलाखालून वर्तमानपत्रात गुंडाळलेला आरसा काढला आणि माझ्यापुढे धरला. कागदावर खडूने माप लिहिलेलं होतं. अगदी बरोबर.

"पहिल्या दिवशीच कापला होता," तो म्हणाला. "पायरीवर बसून खाच मोजली तेव्हाच. दिला असता, तर तुम्ही परत कशाला आला असता?"

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? थांबा म्हणू? एवढ्या कष्टाने मिळालेलं सोडा म्हणू? तसं मागणारा माणूस मला स्वतःलाच आवडला नसता." त्याने आरशाची कड अंगठ्याने पुसली. "पण काच काय... सगळ्याच गावांत फुटते. काल काकांशी बोललो. पुढच्या महिन्यापासून ते माझ्या जागी दुसरा माणूस बघतायत."

मला एकदम रडू आलं आणि हसूही. दोन्ही आवरेपर्यंत तो बिचारा आरसा धरून उभा होता.

"तिकडे तुमच्यासाठी भाड्याची खोली बघून ठेवू?" मी विचारलं.

"बघा," तो म्हणाला. "फार लांबच्या मुदतीची नको."