पाळीवरची सायकल

ज्याला हे खोटं वाटेल, त्याने आमच्या तलावावर एकदा पहाटे येऊन उभं राहावं. मी वाद घालणार नाही. मी स्वतः भुताखेतांच्या गोष्टींवर खो खो हसणारा माणूस होतो.

आमचं गाव आसगावच्या पुढे, तालुका पवनी, जिल्हा भंडारा. गेल्या वर्षीचा एप्रिल.

आम्ही तलावात मासे धरणारी माणसं. माझी धाकटी बहीण नीतू मात्र पळते. मॅरेथॉन, बेचाळीस किलोमीटर. मे संपताना राष्ट्रीय शिबिराची निवड चाचणी होती. ठरलेल्या वेळेत पोचली तर पोरीचं आयुष्य बदलणार होतं, आणि तिची ही शेवटची संधी होती. बाकीच्या मुली थंड डोंगरात सराव करत होत्या. आमच्याकडे पहाटेच घामाच्या धारा लागतात आणि आठ वाजता ऊन डोकं फोडतं.

पूर्वी तिच्यामागे बाबा सायकलवर असायचे. आमचे बाबा, केवळराम. हॅन्डलला वाळल्या भोपळ्याचा तुंबा, त्यात गार पाणी. नीतू न थांबता डावा हात मागे करायची, बाबा हातात तुंबा द्यायचे. सायकलची चेन कव्हरला घासायची. कर्र... कर्र... अख्ख्या गावाला तो आवाज पाठ होता.

त्याच्या आदल्या वर्षी, मे महिन्यात बाबा असेच तिच्यासोबत लांब जाऊन आले. म्हणाले, "जरासा पडतो."

उठलेच नाहीत.

ऊन लागलं होतं. तुंब्यात अर्धं पाणी तसंच होतं. पोरीला लागेल म्हणून बाबांनी स्वतः घोटभरही घेतलं नव्हतं. ते पाणी ओतून देताना मी ढसाढसा रडलो.

नीतूने पळणं सोडलं. दिवाळीनंतर पुन्हा सुरू केलं, पण एकटीने. मी सोबत येतो म्हटलं की नको म्हणायची.

"काहून नको? पाणी कोन देईन तुले?"

"मले प्यासच नाही लागत, दादा."

एप्रिलच्या उन्हात तीस किलोमीटर, आणि प्यास नाही! बरं, परत यायची तेव्हा ओठसुद्धा कोरडे नसायचे.

एका सकाळी मी डोंग्यात बसून जाळं ओढत होतो. नुकतंच उजाडलं होतं. नीतू तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, पळत आली. एकटीच.

आणि मागून...

कर्र... कर्र...

माझा हात जाळ्यावरच थांबला.

तिच्यामागे कुणीच नव्हतं.

तिने मागे न पाहता डावा हात मागे केला. रिकामी मूठ तोंडाला लावली. गळा हलला... दोनदा, तीनदा. मग मूठ परत मागे दिली.

ती गेल्यावर मी पाळीवर चढलो. धुळीत तिच्या बुटांचे ठसे होते. त्यांच्या बाजूला पाण्याचे थेंब पडले होते.

घरी आईसमोर मी तिला विचारलं. ती रडायलाच लागली.

"तुले दिसले का बाबा?"

"नाही."

"मले बी नाही दिसत. मी मागं पाहतच नाही. पाहिलं तर जातीन ते."

आईने तिला जवळ घेतलं. मग म्हणाली, "तुमचे बाबा प्यासे आहेत, पोरी. त्यांच्या नावाची घागर भरा लागते."

आमच्याकडे माणूस गेल्यावर पहिल्या अक्षय तृतीयेला त्याच्या नावाने पाण्याची घागर भरतात. मग त्याची तहान भागते आणि तो पुढे जातो.

"माझी चाचणी होऊ दे आई, मंग भर," नीतू हात जोडत होती. "ते गेले तर मी पळू नाही शकत."

आईने ऐकलं नाही. अक्षय तृतीयेला घागर भरली. आंबा ठेवला, दिवा लावला.

दुसऱ्या सकाळी मी पाळीवरच उभा होतो. नीतू आली. हात मागे केला.

काहीच आवाज नाही...

ती तशीच हात मागे धरून पळत राहिली. कितीतरी लांब. मला बघवेना.

त्यानंतर मी सायकलवर पाणी घेऊन तिच्यामागे जायला लागलो. ती माझ्याशी बोलायची नाही, पण पळायची. चाचणीत तिने वेळ गाठली. निवड झाली! जूनमध्ये आम्ही तिला गाडीत बसवलं. आता ती तिकडे थंड डोंगरात असते.

ती गेली, त्याच्या दुसऱ्या सकाळी मी जाळं टाकत होतो.

कर्र... कर्र...

आवाज पाळीवरून आला. माझ्यासमोर थांबला. मी डोंगा काठाला लावला. धुळीत एकाच जागी थेंब पडत होते... टप... टप... जणू कुणीतरी तुंबा पुढे धरून उभं आहे.

 मी डोंग्यातूनच बोललो.

"बाबा, नीतू गेली. निवड झाली तिची. आता घरी जा तुमी."

आवाज पुढे निघाला. ती जिथून परत फिरायची, त्या वळणापर्यंत गेला. परत आला.

तेव्हापासून रोज येतो. आम्ही घागर भरली ती बाबांच्या तहानेसाठी, आणि ती भागली तेव्हा ते थांबलेही. पण पाणी घेऊन ते स्वतःसाठी कधी निघालेच नव्हते; पाळीवर नीतू दिसेना, तसे तिला शोधत परत आले. आता त्यांचं काय करावं, हे आईलाही सुचत नाही. ती नुसती डोळे पुसते.

परवा नीतूचा फोन आला. तिकडचं सगळं सांगितलं. मग आवाज एकदम बारीक झाला.

"दादा, पाळीवर काई आयकू येते का रे?"

खरं सांगितलं असतं, तर शिबिर सोडून ती रात्रीच्याच गाडीने परत आली असती.

"नाही," मी म्हटलं. "काईच नाही. तू पळ."