आईच्या तीन प्रती

आईला वाटून घ्यायची रीत जुनीच. फक्त आता तिला चार-चार महिने एकेकाच्या घरी न्यावं लागत नसे. पल्लवीबाईंचा मेंदू विरत चालला, तेव्हा त्यांच्या सगळ्या आठवणी शर्वरी, निषाद आणि ओजस या तिन्ही मुलांच्या मेंदूंत उतरवल्या. याला म्हणत सामाईक स्मृती. सांगलीच्या घरात आईने काही आठवू पाहिलं, की ते कुठल्यातरी मुलाच्या डोक्यातून तिच्याकडे येई. प्रत्येकाकडे पूर्ण प्रत. एखादं डोकं बंद पडलं तरी आईचं काही अडू नये, हा हिशोब.

पण डोक्यात आई बाळगणं म्हणजे काही खायचं काम नाही. ऐन मीटिंगमध्ये तिची बाळंतपणाची कळ उठे. कंटाळून शर्वरीने गेल्या उन्हाळ्यात 'विश्रांती' घेतली, म्हणजे आपली प्रत थांबवली. दोघे भाऊ आहेत की, काय बिघडतंय?

आज ती दवाखान्यात डॉ. नाझनीन तांबोळींसमोर बसली होती.

"ताई, विश्रांती तिघांनीही घेतली होती," डॉक्टर म्हणाल्या. "एकमेकांना न सांगता. वापर थांबला की मेंदू ती जागा दुसऱ्या कामाला लावतो. तिन्ही प्रती पुसल्या गेल्या. आणि आमची यंत्रणा विश्रांतीतलं डोकंही हजर धरत राहिली, म्हणून वेळीच कळलं नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी, तसं झालं."

"पण मी रोज फोन करते. छान बोलते की ती."

"ती आगाऊ आठवण. दुसऱ्याच्या डोक्यातून आठवण यायला वेळ लागतो. म्हणून पुढे काय लागेल याचा अंदाज बांधून यंत्रणा तेवढं आधीच आईंच्या कानामागच्या चिपमध्ये आणून ठेवते. आता तेवढंच उरलंय."

"अंदाज कशावरून बांधते?"

"तुम्ही तिघं त्यांना काय विचारता, त्यावरून."

शर्वरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भावांवर ओरडावं म्हटलं तर कुठल्या तोंडाने? ती उठून शेजारच्या खोलीत गेली. तपासणीसाठी सांगलीहून आणलेली आई खिडकीपाशी बसली होती. शर्वरीने तिचा हात हातात घेतला.

"आई, तू लहानपणी कशाला घाबरायचीस गं?"

आईने तिच्याकडे मायेने पाहिलं. "मी बरी आहे. गोळी घेतली. तू जेवलीस का?"

"आई, माझं चुकलं गं. तुझ्या आईचं नाव तरी सांग."

"बरं, ठेवते हं," हात तसाच हातात असताना आई म्हणाली. "तू कामात असशील."